अतिसूक्ष्म गोष्टींची वैज्ञानिक आणि वैद्यकीय परिभाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्याची माहितीपत्रके आणि शालेय विज्ञानाचा मजकूर मराठीत आणण्याचे काम मी करते. शिक्षक, विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांपैकी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींच्या नावांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. यांतले बहुतेक घोटाळे एकाच कारणाने होतात. ‘सूक्ष्म’ किंवा ‘मायक्रो’ हा शब्द वाचताना वस्तू लहान आहे, तिचे प्रमाण कमी आहे की ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, हे विचारायचे राहून जाते. येथील माहिती शब्द आणि एकके समजून घेण्यासाठी आहे. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

१. अणू आणि रेणू यांत नेमका फरक काय आहे?

अणू हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण होय, आणि दोन किंवा अधिक अणू रासायनिक बंधाने जोडले गेले की रेणू तयार होतो. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा एक रेणू बनतो. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे ०.१ नॅनोमीटर असतो. रेणू मात्र किती मोठा असावा याला अशी मर्यादा नाही, कारण आपल्या पेशींतील डीएनए हाही रेणूच आहे. त्याची रुंदी अवघी २ नॅनोमीटर असली, तरी एका मानवी पेशीतील सगळा डीएनए सरळ केल्यास त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. म्हणून ‘रेणू म्हणजे लहान’ हे गृहीत धरू नये.

२. हिंदी पुस्तकात ‘परमाणु’ आणि ‘अणु’ असे शब्द आहेत. ते आपल्या अणू-रेणूंसारखेच आहेत का?

नाहीत, आणि स्पर्धा परीक्षांसाठी हिंदी पुस्तके वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची येथे हमखास फसगत होते. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो त्याला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात, आणि मराठीतल्या रेणूला हिंदीत ‘अणु’ म्हणतात. तोच शब्द सीमा ओलांडताच एक पायरी वर जातो. मुंबईतील तुर्भे येथील एकाच संस्थेला मराठीत ‘भाभा अणु संशोधन केंद्र’ आणि हिंदीत ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ म्हटले जाते, हे उदाहरण लक्षात ठेवल्यास गोंधळ होत नाही. ‘परमाणू’ हा शब्द मूळचा वैशेषिक दर्शनातला. कणादांच्या त्या परंपरेत परमाणू हा अविभाज्य कण मानला असून दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी चढती रचना सांगितली आहे. आधुनिक अणू मात्र अविभाज्य नाही.

पेशीच्या बाबतीतही असेच घडते. मराठीतली पेशी हिंदीत ‘कोशिका’ होते, आणि हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. हिंदीतून मराठीत घाईने आणलेल्या आरोग्यलेखांत ‘पेशींना मालिश करावी’ अशी वाक्ये मी स्वतः दुरुस्त केली आहेत.

३. मिली, मायक्रो, नॅनो, पिको यांचा क्रम कसा लक्षात ठेवावा?

प्रत्येक पायरीला हजाराने भागत जावे. मीटरचा हजारावा भाग मिलिमीटर, दहा लाखावा भाग मायक्रोमीटर, अब्जावा भाग नॅनोमीटर आणि लाख कोटीवा भाग पिकोमीटर. ग्रॅम आणि लिटर यांनाही हेच उपसर्ग याच क्रमाने लागतात. त्याखाली फेम्टो, अ‍ॅटो, झेप्टो, योक्टो अशा पायऱ्या आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये रोंटो व क्वेक्टो या आणखी दोन पायऱ्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

नुसते आकडे डोळ्यांसमोर काही उभे करत नाहीत, म्हणून शरीरातली मापे घ्यावीत. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते, म्हणजे केसाच्या जाडीत अशा नऊ-दहा पेशी एका रांगेत मावतील. मोठ्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो, आणि कोविडचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रोमीटरचा, म्हणजे १०० नॅनोमीटरचा असतो. सर्वांत बारीक रक्तवाहिनीला आपण केशवाहिनी म्हणतो. मात्र ती ५ ते १० मायक्रोमीटर रुंद असते, आणि तांबड्या पेशींना तिच्यातून एकामागोमाग एक, अंग चोरून जावे लागते. केसाची उपमा देऊन ठेवलेले हे नाव खरे तर तिच्या बारीकपणाला पुरे पडत नाही.

४. मायक्रॉन आणि मायक्रोमीटर एकच का?

होय, एकच. ‘मायक्रॉन’ हे जुने नाव आंतरराष्ट्रीय एककपद्धतीने १९६७ मध्येच सोडले, पण बाजारात आणि कायद्याच्या भाषेत ते टिकून आहे. भारतात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेथे पिशवीच्या पत्र्याची जाडीच मोजलेली असते. प्रयोगशाळेतील तारेची जाडी मोजण्याच्या उपकरणालाही मायक्रोमीटर म्हणतात; तो अर्थ संदर्भावरून ओळखावा.

५. जंतू, सूक्ष्मजीव, जीवाणू आणि विषाणू हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतात का?

बोलताना चालतात, औषधाचा प्रश्न आला की चालत नाहीत. सूक्ष्मजीव ही सर्वांत मोठी छत्री आहे, आणि तिच्याखाली दह्यातले उपयुक्त जीवाणू, पाव फुगवणारे किण्व, हिवतापाचा एकपेशीय परजीवी असे सगळे येतात. जंतू हा व्यवहारातला शब्द असून त्यात रोग घडवण्याची छटा असते. जीवाणू ही स्वतंत्रपणे जगणारी आणि विभाजनाने वाढणारी पेशी असते. विषाणू ही पेशीच नव्हे. प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेले जनुकीय द्रव्य असे त्याचे स्वरूप असते, आणि दुसऱ्या सजीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची वाढ होत नाही.

प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, जीवाणूंची पेशीभित्ती किंवा त्यांची प्रथिने बनवणारी यंत्रणा मोडतात. विषाणूजवळ या दोन्ही गोष्टी नसतात, त्यामुळे ‘व्हायरल’ तापात प्रतिजैविक घेऊन ताप लवकर उतरत नाही. घरात उरलेली अर्धी पट्टी शेजारच्या मुलाला देण्यापूर्वी या दोन शब्दांतला फरक आठवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाहिरातींतून आलेला ‘किटाणू’ हा शब्द हिंदीचा आहे. मराठीत जंतू किंवा रोगजंतू हे शब्द असताना त्याची गरज नाही.

६. शाळेतून मुलाला ‘जंतनाशक’ गोळी दिली. ती जंतुनाशक म्हणजे डेटॉलसारखी असते का?

नाही. एका उकाराने येथे अर्थ पूर्ण बदलतो. जंत म्हणजे पोटातले कृमी. त्यांतला गोलकृमी १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असू शकतो आणि तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, फक्त त्याची अंडी सूक्ष्म असतात. जंतू म्हणजे रोगकारक सूक्ष्मजीव. जंतनाशक गोळी, बहुधा अल्बेंडाझोल, पोटात घ्यायची असते आणि ती कृमींवर काम करते. जंतुनाशक द्रव जखमेच्या कडेला, फरशीवर किंवा उपकरणांवर वापरायचा असतो. तो कधीही प्यायचा नसतो.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, शाळा आणि अंगणवाड्यांतून या गोळ्या देतात. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या फलकाचे छायाचित्र मला तपासायला आले होते. त्यावर ठळक अक्षरांत ‘आज जंतुनाशक औषध पाजले जाईल’ असे रंगवलेले होते, आणि खाली एका आईने विचारलेला प्रश्नही कोणीतरी कळवला होता: ‘फिनेल पाजणार का?’ त्या बाईंना मराठी नीट येत होते, म्हणूनच त्या घाबरल्या. फलक रंगवणाऱ्याचा उकार खोडून घेतला आणि ‘पोटातल्या जंतांची गोळी’ असे साधे वाक्य त्याजागी लिहून घेतले. तेव्हापासून अशा सूचनेत पारिभाषिक जोडशब्दापेक्षा हेच साधे वाक्य घालावे, असा आग्रह मी धरते.

७. ‘विषाणू’ की ‘विषाणु’? ‘विषाणूजन्य’ की ‘विषाणुजन्य’?

सुटा शब्द दीर्घ, समासात पहिल्या पदी आला की ऱ्हस्व. म्हणून विषाणू पण विषाणुजन्य, जंतू पण जंतुसंसर्ग, अणू पण अणुऊर्जा. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तत्सम उकारान्त शब्दाचा शेवटचा उकार दीर्घ होतो. संस्कृत आणि हिंदीत तो ऱ्हस्वच राहतो, आणि घोटाळा तेथून येतो. ‘अणुरेणू’ या एकाच शब्दात नियमाच्या दोन्ही बाजू दिसतात: पहिला उकार ऱ्हस्व, शेवटचा दीर्घ. विभक्ती लागली तरी दीर्घ कायम राहतो: विषाणूचा, विषाणूंमुळे.

८. औषधाच्या पट्टीवर ‘एमसीजी’ लिहिले आहे. ती ‘एमजी’ची छपाईची चूक आहे का?

चूक नाही. एमजी म्हणजे मिलिग्रॅम आणि एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. शास्त्रीय चिन्हात मायक्रोसाठी ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर वापरतात, परंतु घाईच्या हस्ताक्षरात ते ‘एम’सारखे दिसते आणि मात्रा हजारपट वाचली जाण्याचा धोका निर्माण होतो, म्हणूनच औषधचिठ्ठीवर ‘म्यू’ टाळून एमसीजी किंवा पूर्ण शब्द लिहावा असा सुरक्षिततेचा संकेत आहे.

थायरॉइडच्या कमतरतेसाठी दिले जाणारे थायरॉक्सिन हे घरोघरी आढळणारे उदाहरण. माझ्या आत्याच्या औषधांच्या वहीत कित्येक वर्षे ‘थायरॉइड – १०० एमजी – उपाशीपोटी’ अशी नोंद होती. पट्टी कापून कापून उरलेल्या तुकड्यावर चंदेरी कागदावर ‘१०० एम’ एवढीच अक्षरे शिल्लक होती, पुढची कात्रीत गेली होती, आणि तिने शहाणपणाने उरलेले अक्षर पूर्ण केले होते. १०० मिलिग्रॅम म्हणजे त्या गोळीच्या हजार गोळ्या. दुकानातून तीच गोळी येत असल्याने काही बिघडले नाही. पण गाव बदलल्यावर नव्या डॉक्टरांसमोर वही ठेवली गेली, तेव्हा त्यांनी ती नोंद पाहून आधी पट्टी मागितली. त्यांनी पट्टी मागितली याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पट्टी कापताना नाव आणि मात्रा छापलेला भाग शेवटपर्यंत राखावा.

गोळी हातात घेतल्यावर ती काही मायक्रोग्रॅमची वाटत नाही, असेही विचारले जाते. ते बरोबरच आहे. गोळीचे बहुतेक वजन भरणद्रव्याचे असते, कारण १०० मायक्रोग्रॅम एवढा नुसता कण चिमटीत धरता येणार नाही.

९. मग ‘आययू’ किंवा ‘युनिट’ हे मिलिग्रॅमहून मोठे की लहान?

ही तुलनाच होत नाही. आंतरराष्ट्रीय एकक हे वजनाचे माप नसून परिणामाचे माप आहे, आणि प्रत्येक पदार्थासाठी त्याचे वजन वेगळे असते. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलेली ६०,००० एककांची पुडी ऐकून रुग्ण घाबरतात, पण तिच्यात ड जीवनसत्त्व १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे केवळ दीड मिलिग्रॅम असते. मोठा आकडा पाहून मात्रा मोठी समजू नये, आणि वजन थोडे म्हणून ती निरुपद्रवीही समजू नये. ही पुडी आठवड्याऐवजी रोज घेत राहिल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढल्याची उदाहरणे वैद्यकात सुपरिचित आहेत.

इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. भारतात ४० आणि १०० एकके प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रता मिळतात, म्हणून कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे.

१०. दोन प्रयोगशाळांच्या अहवालांत एकके वेगळी आहेत. आकडे कसे ताडून पाहावेत?

काही एकके दिसायला वेगळी, पण किमतीला सारखी असतात. थायरॉइडसाठीच्या टीएसएच या चाचणीत ‘मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर’ आणि ‘मिली-आययू प्रति लिटर’ यांत वरची आणि खालची दोन्ही मापे हजारपट झालेली असतात, त्यामुळे ४.२ हा आकडा दोन्हीकडे ४.२ च राहतो. प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका, यांच्या संख्येतही ‘घनमिलिमीटर’ आणि ‘मायक्रोलिटर’ हे तंतोतंत एकच आकारमान आहे; दीड लाख प्रति घनमिलिमीटर आणि ‘१५० हजार प्रति मायक्रोलिटर’ यांत काडीचाही फरक नाही. डेंग्यूच्या दिवसांत मध्यरात्री येणारा ‘काल दीड लाख होत्या, आज दीडशेवर आल्या’ हा संदेश बहुतेक वेळा केवळ एकक बदलल्यामुळे आलेला असतो. आकड्याशेजारचे एकक आधी वाचावे.

काही ठिकाणी मात्र खरोखर गुणाकार करावा लागतो. ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये २० असेल, तर नॅनोमोल प्रति लिटरमध्ये ते ५० होते, कारण येथे अडीचने गुणायचे असते.

रक्ताच्या अहवालातील ‘एमसीव्ही’पुढे फेम्टोलिटर हे एकक असते. एक फेम्टोलिटर म्हणजे बरोबर एक घनमायक्रोमीटर. प्रौढांत तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते.

११. ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणजे लहान आकाराचे अल्ब्युमिन का?

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रथिन, नेहमीचेच असते, लहान असते ते लघवीतले त्याचे प्रमाण. साध्या पट्टीच्या चाचणीत न पकडले जाणारे, दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम एवढे अल्ब्युमिन लघवीतून जात असेल, तर त्याला हे नाव दिले गेले. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम होऊ लागल्याची ती लवकरची खूण असते. ‘मायक्रो आहे ना, मग काळजी नाही’ असे समजून फेरतपासणी टाळणारे लोक मी पाहिले आहेत. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही आता हा शब्द टाळून ‘मध्यम वाढलेले’ असे म्हटले जाते, आणि हा बदल मला अतिशय योग्य वाटतो.

याउलट ‘मायक्रोसिटिक’ रक्तक्षयात तांबड्या पेशी खरोखरच आकाराने लहान असतात. लोहाची कमतरता आणि थॅलसेमिया ही त्याची नेहमीची कारणे. ‘मायक्रोस्कोपिक हिमॅच्युरिया’त, म्हणजे लघवीतून सूक्ष्म प्रमाणात रक्त जाण्यात, तांबड्या पेशी नेहमीच्या आकाराच्याच असतात, पण इतक्या थोड्या की लघवी लाल दिसत नाही आणि त्या सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात. ‘मायक्रोप्लॅस्टिक’ची मर्यादा ५ मिलिमीटर आहे, म्हणजे त्यातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीतल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. रेडिओच्या लांब लहरींच्या मानाने ती लहान, एवढाच त्या नावाचा अर्थ.

१२. हवेत ‘पीएम २.५’ आज ९० आहे म्हणतात. २.५ असताना ९० कसे?

२.५ हा आकार आहे, ९० हे प्रमाण आहे. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे धूलिकण एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत, ते दुसरा आकडा सांगतो. भारतीय मानकानुसार चोवीस तासांची सरासरी ६० च्या आत हवी. हवा गुणवत्ता निर्देशांक हा तिसराच आकडा असून त्याला एकक नसते, पीएम २.५ ची ६० ही पातळी निर्देशांकात १०० दाखवली जाते. बातमी वाचताना यांपैकी कोणता आकडा दिला आहे ते पाहावे.

१३. विषाणू ०.१ मायक्रोमीटरचा आणि एन-९५ मास्कची चाचणी ०.३ मायक्रोमीटरवर, मग विषाणू आरपार जात नाही का?

मास्क चाळणीसारखा काम करत असता, तर ही शंका रास्त ठरली असती. मोठे कण वळणावर सरळ जाऊन तंतूंवर आदळतात. ०.१ मायक्रोमीटरचे कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके नागमोडी भरकटतात की ते तंतूला चिकटल्यावाचून राहत नाहीत. ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या कणांना या दोन्ही मार्गांनी पकडणे सर्वांत अवघड जाते, म्हणून परीक्षा त्याच आकारावर घेतात आणि तेथे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. शिवाय विषाणू बहुधा एकटा हिंडत नाही. तो श्वासातल्या थेंबांत किंवा त्यांच्या सुकलेल्या कणांत असतो. मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला नसेल, तर मात्र हे सगळे व्यर्थ.

१४. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू दिसतात, मग कोविडचे का दिसत नाहीत?

साधा सूक्ष्मदर्शक प्रकाशावर चालतो, आणि प्रकाशाच्या लहरीच्या लांबीमुळे सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. क्षयाचा जीवाणू २ ते ४ मायक्रोमीटर लांब असतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जाहीर केला, तो रंजकद्रव्याने रंगवून. आजही काचपट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी-लाल काड्या दिसल्या, की तंत्रज्ञ अहवालात नोंद करतो. विषाणूसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये भारतातील पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातील कोविड विषाणूची प्रतिमा त्यानेच टिपली.

येथे एक अपवाद जपावा. थुंकीच्या दर मिलिलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जीवाणू असल्याशिवाय ते काचपट्टीवर सापडत नाहीत. म्हणून ‘जंतू दिसले नाहीत’ याचा अर्थ ‘क्षय नाही’ असा होत नाही, आणि डॉक्टर जनुकीय चाचणी सांगतात ती याच कारणाने.

१५. प्रत्येक विषाणू प्रत्येक जीवाणूपेक्षा लहान असतो, हे खरे का?

बहुतेकदा खरे, नेहमी नाही. मिमिव्हायरस हा अमीबातला विषाणू तंतूंसह सुमारे ०.७ मायक्रोमीटरचा भरतो, आणि आधी त्याला जीवाणूच समजले होते. २००३ मध्ये तो विषाणू असल्याचे जाहीर झाले. याउलट मायकोप्लाझ्मा हे जीवाणू ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर एवढेच असू शकतात. दुसऱ्या टोकाला ग्वाडेलूप बेटावरच्या खारफुटीत सापडलेला आणि २०२२ मध्ये वर्णन केलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू साधारण एक सेंटिमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखा नुसत्या डोळ्यांना दिसतो. म्हणून जीवाणू आणि विषाणू यांची व्याख्या आकारावर नव्हे, तर प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या रचनेवर करतात.

१६. विषाणूहून लहान, पण रोग पसरवणारे काही असते का?

असते. प्रायॉन हे केवळ चुकीच्या घडीचे प्रथिन असून त्यात जनुकीय द्रव्य नसते. ते शेजारच्या निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखी चुकीची घडी घालायला लावते. स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हे नाव दिले आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रायॉनला ‘जंतू’ म्हणू नये, कारण त्यात जिवंत असे काहीच नाही, आणि मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्यापेक्षा ‘प्रायॉन’ हाच ठेवावा असे माझे मत आहे. १२१ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटांचे नेहमीचे निर्जंतुकीकरण त्याच्यासाठी पुरेसे ठरत नाही. त्यामुळे प्रायॉनचा रोग झालेल्या रुग्णाच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलेली उपकरणे इतर उपकरणांत न मिसळता वेगळी काढून ठेवावी लागतात.